सारमेयाची फिर्याद

महाभारताच्या आदिपर्वात, पौष्यपर्वाच्या आरंभीच, एका कुत्र्याची फिर्याद आली आहे. परीक्षिताचा पुत्र जनमेजय आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र करीत बसला आहे. देवशुनी सरमेचा मुलगा सारमेय तेथे येतो आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. सरमेचे उद्गार कोणत्याही आईचे असावेत असेच आहेत: मार बसला, म्हणजे तूच काही आगळीक केली असशील. त्यावर तो सांगतो की हविष्याला आपण जीभ लावली नाही, त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. मग सरमा सत्रस्थानी जाऊन जाब विचारते. कोणी काही उत्तर देत नाही. निरपराध मुलाला मारले म्हणून, कल्पनाही नसेल असे भय तुझ्यावर येईल, असे ती राजाला सांगून जाते. आणि पृथ्वीपती जनमेजय या कुत्रीच्या शब्दाने इतका हादरतो की दोषनिवारणासाठी पुरोहित शोधत हिंडतो.

ही कथा आम्हाला अलीकडे वारंवार आठवते, याचे कारण वाघ्या. आम्ही उभयता मराठीचे प्राध्यापक. घर अमरावतीला, एकाचे महाविद्यालय येथेच, दुसरीचे अकोल्याला, त्यामुळे आठवड्यातील चार दिवस बडनेऱ्याहून रेल्वे. वाघ्या त्या बडनेऱ्याच्या फलाटावरूनच, एका पावसाळ्यात, पिशवीत बसून घरी आला. अस्सल गावठी, तांबूस, पाठीवर काळी रेघ. घरात तिसऱ्या आई. त्या एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई. माहेर अकोल्याकडचे, भाषा ठेवणीतली वऱ्हाडी.

वाघ्या वर्षाचा झाला तेव्हा त्याचे पुढचे पंजे स्वयंपाकाच्या ओट्यावर पोचू लागले. आधी पोळ्यांच्या चळतीतील वरची पोळी गेली. मग भाकरीचा टोपला. पोळ्याच्या दिवशी बैलांसाठी काढून ठेवलेल्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या गेल्या, तेव्हा मात्र प्रकरण घरगुती राहिले नाही. शेजारपाजारचे उपाय आले. ओट्याच्या कडेला रिकामे डबे दोरीने बांधा, खणखणाटाने घाबरेल. वड्यात तिखट भरून ठेवा. वर्तमानपत्राची गुंडाळी हाताशी असू द्या. एका वयोवृद्ध स्नेह्यांनी नामदेवांचा दाखला दिला: कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून! कथा थोर आहेच. परंतु ओटा राखण्याच्या दृष्टीने इतका घातक उपाय दुसरा नसेल. चोरलेल्या पोळीवर तूप मिळते हे कळल्यावर पंढरपुरातले कोणते कुत्रे उपाशी बसले असते?

पशुवैद्यांनी सांगितले ते याच्या नेमके उलट होते, आणि अगदी साधे होते. कुत्रा ओट्यावर चढतो कारण कधीतरी तेथे काही मिळालेले असते. नेहमी मिळत नाही म्हणूनच तो प्रयत्न सोडत नाही. मटका लावणाराही दहादा हरून अकराव्यांदा जातोच. वर्तनशास्त्रज्ञ स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली या अधूनमधून मिळणाऱ्या फळाचा जाडजूड ग्रंथच लिहिला. त्याचा मथितार्थ डॉक्टरांनी तीन वाक्यांत उरकला. ओटा महिनोन्‌महिने रिकामा ठेवा. त्याचे अन्न त्याच्याच ताटलीत, ठरल्या वेळी द्या. जेवताना आपल्या ताटातले कोणीही, एकदाही देऊ नका. आणि स्वयंपाक चालू असताना त्याला त्याच्या जागेवर बसवून तेथे बसल्याचे बक्षीस द्या, म्हणजे बसणे हेच फायद्याचे ठरेल. मागाहून मारणे व्यर्थ, कारण मार कशाचा हे त्याला उमगत नाही. वर एक ताकीद: कांदा, लसूण, चॉकलेट आणि विशेषतः बेदाणे व द्राक्षे त्याच्या पोटात जाता कामा नयेत, बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. तोवर आम्हाला चिंता पोळ्यांची होती. त्या दिवसापासून वाघ्याची वाटू लागली.

यात नवे काय, असे आईंनी विचारले. त्यांच्या माहेरी दूध-लोणी शिंक्यावर असे, भाकरीच्या दुरडीवर पाटा असे, बाकीचे फडताळात. जुन्या घराने मांजर-कुत्र्याच्या चारित्र्यावर कधी विसंबून राहिले नव्हते. आपली म्हणही पाहा. ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ ही म्हण आपण भ्रष्टाचारावर बोलताना हटकून वापरतो आणि कुत्र्याला खलनायक करतो. वास्तविक म्हणीत कुत्र्याच्या शीलाविषयी एक अक्षर नाही. पीठ उघडे आहे आणि दळणाऱ्याला दिसत नाही, एवढेच तिचे म्हणणे आहे. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, यातही तुटले ते शिंके.

साडेतीन महिन्यांत वाघ्या सुधारला. ओट्यापासून चार हातांवर गोणपाट अंथरले, त्यावर तो फोडणीच्या वासाने नाक हलवीत पडून राहू लागला. आणि तरीही घरातील खाद्यपदार्थ नाहीसे होत राहिले. स्टीलच्या डब्यातला गूळ कमी होई. कपाटातले बेसनाचे लाडू मोजले तर दोन कमी भरत. विचारले की आईंचे उत्तर ठरलेले: "थ्या वाघ्यानं नेला असन. दुसरं कोन नेते?"

डब्याचे झाकण उघडून, गूळ काढून, ते पुन्हा घट्ट बसवणारा कुत्रा अद्याप जन्मला नाही. आईंना मधुमेह आहे, चौदा वर्षांपासून. उपाशीपोटीची साखर त्या महिन्यात दोनशे साठच्या वर गेली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि काही बोललो नाही.

येथे वाघ्याची एक लकब सांगावी लागेल. आई त्याच्याकडे बोट करून "चोट्टा!" म्हणाल्या की तो कान पाडतो, शेपूट आत घेतो, नजर चुकवून उताणा होतो. कोणत्याही तिऱ्हाइताने हा कबुलीजबाबच मानला असता. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली नेमके हेच तपासले. मालकाला कधी खरे, कधी खोटे सांगितले की कुत्र्याने मना केलेले खाल्ले आहे. अपराधी चेहऱ्याचा संबंध खाण्याशी नव्हताच; तो मालकाच्या रागावण्याशी होता, आणि न खाता बोलणी बसलेल्या कुत्र्यांचा चेहरा तर अधिकच अपराधी दिसला. कुत्री भाबडी असतात असे मात्र नव्हे. २०१२ साली ज्युलियान कामिन्स्की यांच्या गटाने दाखवून दिले की मना केलेले अन्न ती उजेडापेक्षा अंधारात अधिक बिनदिक्कत उचलतात. आमच्या घरातला गूळही रात्रीच कमी होत असे.

कपाटाला कुलूप लावावे असे आमच्यापैकी एकाचे मत पडले. जो उपाय वाघ्याला लागू पडला तो आईंना का पडू नये, हा तर्क वरकरणी बिनतोड होता. दुसरीने तो मोडून काढला, आणि आम्हाला वाटते तिचेच बरोबर. वाघ्यासाठी ओटा ही परक्याची जागा होती. आईंनी पन्नास वर्षे हेच स्वयंपाकघर चालवले. कोणाला किती वाढायचे हे ठरवणारा हात त्यांचा होता. त्या हातासमोर कुलूप लटकवायचे तर प्रत्यक्ष मारापेक्षा काय कमी? आमच्या जिल्ह्यातच ऋद्धिपूर आहे. तेथील गोविंदप्रभू वाटेल त्या घरात शिरून आवडेल ते खात, आणि म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ते सारे लीळा म्हणून भक्तिभावाने लिहून ठेवले. अन्न न विचारता घेण्याला काय म्हणायचे, हे घेणारा कोण यावर ठरते. कुत्र्याला चोर म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला काय म्हणावे, यावर आमच्याकडे शब्द नव्हता, आणि नसलेलाच बरा.

डॉक्टरांशी बोलून आम्ही जेवणातली अर्धी भाकर कमी केली, आणि दुपारी चारला, चहाबरोबर, आईंच्या हातात उघडपणे अर्धा लाडू ठेवू लागलो. गुळाच्या डब्याची पातळी स्थिरावली. अधूनमधून एखादी वडी जाते. "वाघ्यानं नेली" असे त्या म्हणतात, आम्ही "असन" म्हणतो. वाघ्या उताणा होतो. त्याच्या बाजूने जाब विचारायला कोणी सरमा येत नाही. पण अलीकडे आईच आरोप करून झाल्यावर त्याच्या पोटावरून हात फिरवतात, आणि बराच वेळ फिरवीत राहतात.

गेल्या पंधरवड्यापासून चारच्या सुमारास ओट्यावर दोन पंजे पुन्हा दिसू लागले आहेत. अर्ध्या लाडवातला अर्धा कोठे जातो हे उघड आहे. पशुवैद्यांचा सारा अभ्यासक्रम त्यामुळे पहिल्यापासून सुरू करावा लागेल. परीक्षा संपल्यावर करू. तूर्त एवढेच केले आहे की लाडू वळताना त्यात बेदाणे घालीत नाही.