डबा सीलबंद होता, तरीही

आमचे बाळ आठव्या महिन्यातच जन्मले. आईचे दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांसाठीची खास पावडर लिहून दिली. रमजानचे दिवस होते. तरावीहनंतर आम्ही पाणी उकळून थर्मासमध्ये भरायचो आणि सहेरीपर्यंत त्याच कोमट होत गेलेल्या पाण्यात दूध कालवायचो. कधी कधी सोय म्हणून एखादी बाटली आधीच करून ठेवायचो. पाणी उकळलेले, डबा सीलबंद, घर पाक-साफ. मग काळजी कसली?

तपासणीला गेलो तेव्हा नर्सबाईंनी सहज विचारले, "पाणी किती गरम घेता?" आमचे उत्तर ऐकून त्यांनी आम्हाला बसवूनच घेतले.

तेव्हा कळले की, दुधाची पावडर निर्जंतुक नसते. कारखान्यात दूध तापवले तरी नंतर वाळवताना, भरताना क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू त्यात शिरू शकतो. कोरड्या पावडरीत तो वाढत नाही, पण महिनोन् महिने तग धरून राहतो. कोमट दुधात मात्र झपाट्याने वाढतो. दोन महिन्यांच्या आतील आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्यापासून मेंदूज्वर होऊन जिवावर बेतू शकते. २००१ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात, रुग्णालयात उपचार घेत असलेले एक नवजात बाळ असेच दगावले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलेली रीत सोपी आहे. हात आणि बाटली स्वच्छ करावी. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ते ७० अंशांखाली जाण्यापूर्वी, त्यात पावडर घालावी. पावडरीतले जंतू त्या उष्णतेने मरतात. मग बंद बाटली नळाखाली धरून गार करावी, मनगटावर थेंब टाकून पाहावा आणि लगेच पाजावे. दोन तासांत न संपलेले दूध ओतून द्यावे. काही औषधी पावडरींना इतके गरम पाणी चालत नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारावे. आणि आईचे दूध जितके मिळेल तितके आधी तेच.

अल्लाहने राखले, बाळाला काही झाले नाही. पण त्याने राखले म्हणून आमची चूक बरोबर ठरत नाही. मूल अमानत आहे, आणि अमानत सांभाळायची तर माहितीही करून घ्यावी लागते.

त्यानंतरच्या प्रत्येक सहेरीला आमच्या चुलीवर पहिले भांडे चहाचे नव्हे, बाळाच्या पाण्याचे चढले.