सातबाऱ्यावरची नावे आणि वरकसाचा डोंगर



वाशिष्ठीच्या खोऱ्यात, चिपळूणच्या वरच्या अंगाला सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या गावातील वडिलार्जित जमीन कागदावर ज्या रूपात दिसते, त्याने परदेशी वाढलेल्या पिढीचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. भातजमिनीच्या उताऱ्यावर काही गुंठ्यांच्या क्षेत्रासमोर वीस-बावीस नावे आहेत, त्यांतील कित्येक माणसे आज हयात नाहीत, आणि डोंगराच्या उताऱ्यावर क्षेत्र एकरांनी असूनही पिकाचा रकाना कोरा आहे. न पिकणारा डोंगर विकून टाकावा आणि शेत तेवढे ठेवावे, ही परदेशी असलेल्या चिरंजीव पुतण्याची सूचना याच कागदावरून सुचलेली आहे. म्हणून त्या कागदामागची हकीकत आधी मांडणे आवश्यक आहे.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. पहिल्यात जमीन कोणाच्या नावे आहे, आकार, म्हणजे सरकारी सारा, किती आणि इतर हक्क कोणाचे, हे असते. दुसऱ्यात दर वर्षीच्या पिकांची नोंद असते. नाव बदलले की फेरफार, म्हणजे गाव नमुना सहामधील नोंद, होते आणि तिचा क्रमांक उताऱ्यावर चढतो. हे जुने फेरफार एकामागून एक वाचत गेले की घराण्याचा इतिहास उलगडत जातो, आणि त्याचा आरंभ मालकीपासून होत नाही, कुळवहिवाटीपासून होतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती. खोत म्हणजे गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी वंशपरंपरेने घेतलेला मधला हक्कदार. प्रत्यक्ष कसणारी कुळे त्याला धान्याच्या रूपाने खंड घालीत, आणि जो निम्मे पीक देई तो अर्धेली, तिसरा हिस्सा देई तो तिर्धेली, अशी त्यांची ओळख खंडाच्या प्रमाणावरून ठरे. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांना कायम वहिवाटीचे संरक्षण दिले. पण ज्यांची जुनी वहिवाट सिद्ध होऊ शकली नाही ती खोताच्या मर्जीवर राहिली, आणि मर्जी राखण्यासाठी खंडाखेरीज वेठही करावी लागे. बांध घालणारा एक आणि बांधावर हक्क दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. प्रत्यक्षात खोती संपविणारा कायदा मात्र १९४९ साली झाला. त्यापाठोपाठ कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले, आणि शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरविलेली किंमत भरल्यावर त्याला कलम ३२ म खालील प्रमाणपत्र मिळाले. चिरंजीवाच्या पणजोबांचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून प्रथम आले ते या प्रमाणपत्रामुळे. त्यापूर्वी ते इतर हक्कांच्या रकान्यात होते.

एका नावाची वीस नावे होण्याचे कारण निराळे आहे. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्या भावांनी गावची जमीन वाटून घेतली नाही, कारण ती वाटली असती तर एकेका वाफ्यावर नांगर वळवायलाही जागा उरली नसती. गावी राहिलेल्याने कसावे, चाकरमान्यांनी मनीऑर्डर पाठवावी आणि गणपती-शिमग्याला घरचा तांदूळ खावा, हा अलिखित करार होता. माणूस वारला की वारसांची नावे चढत गेली, जमीन मात्र सामाईकच राहिली. मुलींची नावे त्यांत पुष्कळदा आली नाहीत, किंवा आली तरी हक्कसोडीच्या कागदावर सही घेऊन ती कमी करण्यात आली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. तेव्हा आत्यांची नावे उताऱ्यावर असणे ही अडचण नव्हे, उशिरा झालेला न्याय आहे, आणि त्यांना वगळून कोणताही व्यवहार होता कामा नये.

आता डोंगर. वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन. तिच्यात पूर्वी आळीपाळीने नाचणी-वरी होई, पण तिचे खरे काम भातशेतीला राब, म्हणजे रोपाची जमीन भाजण्याचा पालापाचोळा, पुरविण्याचे. माघ-फाल्गुनात ऐन-किंजळाच्या फांद्या छाटून आणतात, त्यांना कवळ म्हणतात. ज्या तुकड्यात रोप करायचे, आणि तो लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा असतो, त्यावर आधी शेण पसरतात, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पातेरा म्हणजे वाळला पाला रचतात, आणि सर्वांवर मातीचा पातळ थर देतात, म्हणजे जाळ भडकत नाही आणि ऊब सावकाश खाली उतरते. ही भाजावळ पावसाआधी उरकते; तणाचे बी जळते, राख मातीत मिसळते, आणि रोहिणी-मृगाच्या सुमारास पेरलेला तरवा, म्हणजे भाताचे रोप, जोमाने उठतो. म्हणजे शेत खाली आणि त्याचे खत वर, अशी ही एकच मिळकत असून कागदाने तिचे दोन सर्व्हे नंबर केले आहेत.

रासायनिक खते आल्यापासून आणि गोठे रिकामे झाल्यापासून राब कमी झाला, हे खरे आहे, पण डोंगराचे काम संपलेले नाही. पावसाचे पाणी तो धरतो आणि तेच पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, मार्गशीर्षापर्यंत खाली येते. विहिरीची पातळी त्यावर राहते, गुरांची वाट आणि स्मशानाची वाट त्यातून जाते, आणि या वहिवाटींपैकी फार थोड्या इतर हक्कांत नोंदलेल्या आहेत. डोंगर घेणारा यंत्राने रस्ता काढतो, उतार कापतो, भोवती कुंपण घालतो. मग पहिल्याच पावसाळ्यात माती खालच्या वाफ्यांत उतरते. ज्याने डोंगर विकला त्याचे शेत केवळ कागदावर अबाधित राहते, आणि खालच्या वाडीतील इतरांच्या शेतांचेही नुकसान होते, ज्यांची संमती कोणी विचारलेली नसते. दलाल दर गुंठ्याचा भाव सांगतो, त्यात यातले काहीच धरलेले नसते.

कायद्याच्या बाजूने एवढे ध्यानात ठेवावे. परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळते, आणि ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. महाराष्ट्रात घेणाराही सामान्यतः शेतकरी असावा लागतो. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरावर कलम ४३ चे बंधन आहे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास, आकाराच्या चाळीसपट रक्कम भरून ते सैल झाले आहे, आणि म्हणूनच दलालांची ये-जा वाढली आहे. तेव्हा कोऱ्या किंवा सर्वाधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रावर सही करू नये. वारस नोंदीपुरते मुखत्यारपत्र द्यायचे असेल तर ते भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावे आणि येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरला जाईल असे पाहावे. आधी वारस नोंद, मग सर्व हिस्सेदारांच्या समक्ष सरकारी मोजणी, आणि त्या मोजणीच्या नकाशावर पऱ्या, विहीर व वाटा दाखवून घेणे, हा क्रम आहे. मोजणीची तारीख गणपतीच्या सुट्टीला जोडून मिळाली तर मुंबईची मंडळी गावी असतील, आणि चिरंजीवाने तेव्हा यावे.