मुलांच्या मूत्रपिंडातील पाण्याची गाठ

'गाठ' हा शब्द कानी पडताच माणसाचे काळीज चरकते; मग ती आपल्या लेकराच्या पोटात आहे असे कळल्यावर आईबापांची काय अवस्था होत असेल! अध्यापकाच्या पेशात हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सुमारे १० लाख सूक्ष्म चाळण्या व त्यांच्या नलिका असतात. एखाद्या नलिकेचा भाग फुगून त्यात पाण्यासारखा द्रव साचला म्हणजे जी पिशवी बनते, तीस डॉक्टर 'सिस्ट' म्हणतात. पोटातील गाठ भरीव आहे की पाण्याची, हे ध्वनिलहरींनी ओळखण्याची रीत ग्लासगो येथील डॉ. इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' पत्रात प्रसिद्ध केली. आजची सोनोग्राफी ती हीच. तीत क्ष-किरण नसल्यामुळे मुलांची तपासणी पुनःपुन्हा करता येते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाच्या मूत्रपिंडात अशी एक गाठ आढळली. पातळ भिंतीची एकटी गाठ बहुधा निरुपद्रवी असते. परंतु क्वचित तीच एका आनुवंशिक रोगाची पहिली खूण ठरते. ह्या रोगाची दोन प्रमुख जनुके १९९४ व १९९६ साली सापडली. आई वा बाप रोगी असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून डॉक्टरांनी आईबापांसही तपासणीस बोलाविले. वडील मात्र तयार होईनात. त्यांची आई मूत्रपिंडाच्या विकारानेच वारली होती. कुळाला बोल लागेल, मुलीचे लग्न अडेल, ही धास्ती त्यांस होती.

आम्ही त्यांस एवढेच म्हणालो, "जन्मांध मनुष्याच्या व्याधीचा दोष प्रभूने त्याच्यावर ठेवला नाही, आणि त्याच्या आईबापांवरही नाही. मग आपण तो का ओढवून घ्यावा?" अखेर ते गेले. त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांत अनेक गाठी निघाल्या, व रक्तदाबही वाढलेला होता. उपचार त्याच आठवड्यात सुरू झाले.

मुलास औषध लागले नाही. लागली ती देखरेख. तो नियमाने रक्तदाब मोजून घेतो. लहान मुलाचा रक्तदाब वय व उंची पाहून पारखावा लागतो, आणि दंडाचा पट्टा त्याच्या मापाचा असावा लागतो. लघवीत प्रथिन उतरते काय, रक्तातील क्रिएटिनीन वाढले काय, हे पाहतात. डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी होते. घरात जेवणातील मीठ कमी झाले आहे, आणि वेदनाशामक गोळी कोणी आपल्या मनाने घेत नाही.

पालकहो, वाट पाहणे म्हणजे हयगय नव्हे. ठरलेल्या दिवशी तपासणीस जाणे, ही लेकराची सेवाच होय. मात्र प्रथम आपणही आपला दंड पुढे करावा.