नीरक्षीरविवेक

देवळातील समईच्या तेलात पाण्याचा अंश गेला, तर वात तडतडते आणि पुजारी सावध होतो. विमानाच्या टाकीतील पाणीही असेच बोलते. पण ते बोलते तेव्हा पायांखाली जमीन नसते. म्हणून वैमानिकाला त्याची जबानी जमिनीवरच घ्यावी लागते.

माझा भाचा वैमानिकाचे शिक्षण घेत आहे. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी, आणि इंधन भरल्यावर प्रत्येक वेळी, तो टाकीच्या तळाची झडप दाबून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात घेतो. पाणी जड, ते तळाशी बसते. झाकणाच्या फटीतून पावसाचे येते, तसे अर्धवट भरलेल्या टाकीतील हवेतून रात्रीच्या गारव्यात दवरूपानेही उतरते.

वकील म्हणून मला पुढचा भाग विशेष वाटला. पेल्यात इंधन आणि पाणी दोन्ही असली, तर मधली रेघ दिसते. पण पेल्यात निव्वळ पाणीच आले, तर रेघ कोठून दिसणार? नमुना निर्मळच वाटतो. सगळेच साक्षीदार एकच असत्य सांगू लागले, की जबानीत विसंगती सापडत नाही, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा रंग पाहावा, वास घ्यावा. १०० एलएल हे विमानाचे पेट्रोल मुद्दाम निळे केलेले असते. २०२२ पासून आपल्याकडे बडोद्याजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातही ते तयार होऊ लागले.

मद्यार्काची गोष्ट याहून अवघड. काही छोट्या विमानांना मोटारीचे पेट्रोल चालते. मात्र त्यात मद्यार्क असता कामा नये. तो रबरी भाग बिघडवतो, पाणी शोषून घेतो आणि उंचावरील थंडीत ते वेगळे सोडतो. पेट्रोलमध्ये तो असा एकजीव होतो की डोळ्यांना दिसत नाही. भारतात तर २०२५ पर्यंत मोटारीच्या पेट्रोलात त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. त्याची परीक्षा साधी आहे. खुणा असलेल्या नळीत एका खुणेपर्यंत पाणी घ्यावे, वर पेट्रोल ओतावे, हलवून स्थिर ठेवावे. पाणी खुणेवरच राहिले, तर मद्यार्क नाही. वर चढलेले दिसले, तर मद्यार्क पेट्रोल सोडून पाण्याला मिळाला. ज्या पाण्याचे भय, त्यालाच साक्षीला उभे करायचे!

हंसाला नीरक्षीरविवेक उपजतच लाभला, असे आपण मानतो. माणसाला तो रोज नव्याने करावा लागतो. आणि रोजचे झाले की कर्म उरते, लक्ष उडते. न पाहता ओतून दिलेला पेला आणि मन नसलेली पूजा, दोन्ही सारखीच. फरक एवढाच, की देव क्षमाशील आहे, इंजिन नाही.