जुना कंद, नवा कंद

कांदा मधोमध चिरला की एकात एक बसवलेले थर दिसतात. ग्लॅडिओलसचा कंद तसाच चिरून पाहा. थर नाहीत, आत नुसता घट्ट गर! बाहेरून दोघांनाही सुके पापुद्रे, म्हणून रोपवाटिकेत दोघांना सरसकट ‘कंद’च म्हणतात. पण कांदा म्हणजे मुख्यतः जाड झालेली पानं आणि ग्लॅडिओलसचा कंद म्हणजे जाड झालेलं खोड. त्याला ‘घनकंद’ असा नेमका मराठी शब्द आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, आयुष्यभर शाळेत भाषाच शिकवली. शब्द नेमका सापडला की मला ती वस्तूही आवडायला लागते, काय करणार!

घनकंदावरचे पापुद्रे हलक्या हाताने सोलले की त्यावर गोल कडी दिसतात. ही खोडाची पेरं. उसाला असतात तशीच, फक्त दाबून एकमेकांजवळ आणलेली. पापुद्रे म्हणजे जुन्या पानांचे सुकलेले तळ. प्रत्येक पेरावर एक बारीकसा डोळा असतो, आणि सगळ्यात वरचा डोळा बहुधा आधी फुटतो. आपल्या स्वयंपाकघरातला सुरण आणि अळकुड्या ही मंडळीही घनकंदच. मात्र ग्लॅडिओलसचं खरं कूळ वेगळं, केशराचं. काश्मीरमधल्या पांपोरचं केशरही घनकंदापासूनच येतं.

ग्लॅडिओलसच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक दक्षिण आफ्रिकेकडच्या. युरोपातल्या माळ्यांनी त्यांचे संकर केले. १८४१ साली बेल्जियममधल्या घेंट शहरातून असाच एक गाजलेला संकर बाजारात आला, आणि आज आपण फुलदाणीत ठेवतो ते सगळे मोठ्या फुलांचे दांडे त्या संकरांच्या वंशातले. लॅटिनमध्ये ‘ग्लॅडियस’ म्हणजे तलवार, त्यावरून हे नाव. पानं खरोखरच तलवारीसारखी, एकमेकांच्या तळाला कवेत घेऊन हातपंख्यासारखी एकाच पातळीत उभी राहतात.

फुलांच्या दांड्याला फांद्या सहसा नसतात. फुलांना देठही नसतात. प्रत्येक फूल दोन हिरव्या आवरणांतून थेट दांड्यावरच उमलतं, आणि बहुतेक सगळी एकाच बाजूला तोंड करून. उमलण्याचा क्रम ठरलेला, खालून वर. खालचं सुकायला लागतं तेव्हा शेंड्याला अजून कळ्याच असतात. पाकळ्या सहा, पुंकेसर तीन, आणि मधला तंतू टोकाला तीन फाट्यांचा. एक गंमत सांगते. दांडा आडवा ठेवलात तर त्याचा शेंडा वर वळायला लागतो, म्हणून फूलवाले हे दांडे उभेच ठेवतात. वर्गात काही मुलं असायची अशी. कितीही दाबा, मान वरच!

आता मूळ मुद्द्याकडे येते.

आमच्या ह्यांनी २०११ साली वीस कंद आणले होते. फिकट शेंदरी फूल, घशाशी पिवळी झाक. फुलांचा नाद खरं तर त्यांनाच, मी पाणी घालणार तेवढीच. दरवर्षी दिवाळी झाली की ते वाफा करायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कंद काढून जाळीच्या पिशवीत सावलीला टांगायचे. काढल्या काढल्या ते फुटत नाहीत, दोन-तीन महिने त्यांना विश्रांती लागते. २०१५च्या दिवाळीनंतर ह्यांनी शेवटचे कंद लावले. जानेवारीत फुलं आली. फेब्रुवारीत हे गेले.

एप्रिलमध्ये पानं पिवळी पडली तेव्हा खुरपं घेऊन मीच बसले. प्रत्येक रोपाखाली एक नव्हे, दोन कंद होते. वर टणक, चमकदार, नवा. त्याच्या बुडाला चिकटलेला दुसरा सुरकुतलेला, काळपट, चपटा. ह्यांनी लावलेला तो हाच. ग्लॅडिओलसचा कंद एकदाच फुलतो. साठवलेलं सगळं अन्न तो पानांना आणि फुलाला देऊन टाकतो, आणि पुढे पानं जे अन्न करतात ते त्याच्या डोक्यावर तयार होणाऱ्या नव्या कंदात भरलं जातं. आपण ह्याला बारमाही झाड म्हणतो खरं, पण जमिनीखाली दरवर्षी माणूस बदललेला असतो!

मग नवे कंद वर वर चढत एक दिवस मातीबाहेर नाही का येणार? त्याचीही सोय आहे. नव्या कंदाच्या बुडातून काही जाड, पांढरी मुळं निघतात. ती खाली जातात आणि मग आकसतात. त्यांच्यावर आडव्या सुरकुत्या पडतात. त्या ओढीने नवा कंद खाली, सुरक्षित खोलीवर खेचला जातो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून होते.

मागच्या वर्षी सुट्टीत नात आली होती. पाचवीत आहे, प्रश्न विचारण्यात कुणाला ऐकणार नाही. नवा-जुना कंद मी तिला उलगडून दाखवला. ती म्हणाली, “आजी, म्हणजे आजोबांनी लावलेलं आता काहीच उरलं नाही?”

चाळीस मुलांच्या वर्गात उत्तर न सुचलेली मी, असं क्वचितच झालंय. तिला काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. पण पोरांना खोटं सांगू नये. मी म्हटलं, “नाही गं, ते कंद गेले.” मग तिला पुढचंही सांगितलं. ग्लॅडिओलसला बी येतं, पातळ पंखाचं, वाऱ्यावर उडणारं. त्या बियांतून येणारं फूल आईसारखं असेलच असं नाही. कंदातून मात्र तेच झाड पुढे चालतं, तोच शेंदरी रंग, तीच पिवळी झाक. आजोबांनी लावलेलं गेलं, त्यांनी निवडलेलं राहिलं. तिला कितपत पटलं, देव जाणे. मला मात्र बोलता बोलता पटलं.

असो. हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. नातेवाइकांना ठाऊक आहेच, आमचं साताऱ्याचं घर पाडून तिथे इमारत होणार आहे. मला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळेल. वाफा काही वर येणार नाही. गॅलरीत ऊन असेल तर चार कुंड्या मी लावीनच, पण कंद आता शंभराच्या पुढे गेलेत. शिवाय जुन्या आणि नव्या कंदाच्या मधल्या जागेत साबुदाण्यापासून वाटाण्याएवढी पिल्लं धरतात, ती वेगळी. ती लावली तर फुलायला दोन-तीन हंगाम लागतात. मी शहात्तर वर्षांची आहे, तेव्हा ती कुणी लावायची हे सांगायला नको!

तर भाचरांनो, पुतण्यांनो आणि इथे नेमाने येणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, दिवाळीनंतर ज्यांना हवेत त्यांनी येऊन घेऊन जा. चपटी बाजू खाली, डोळा वर, दोन-अडीच इंच खोल. ऊन भरपूर लागतं आणि बुडाशी पाणी साठलेलं चालत नाही. फूल आलं की मला कळवा. रंग शेंदरी आणि घशाशी पिवळा असेल, तर ओळख पटली.