उत्पन्नाचा रकाना

गरिबाला मदत करणें हें मोठें कठीण काम आहे, अशी एक समजूत आहे. माझा अनुभव निराळा आहे. खिशांतून पांचशेंची नोट काढून देण्याइतकें सोपें काम जगांत दुसरें नसेल. तेवढ्यानें देणाराच्या मनाला जें समाधान मिळतें, तें त्या नोटेच्या मानानें फारच स्वस्त पडतें. कठीण काम त्याच्या पुढें असतें. आणि तें करण्याची पाळी माझ्यावर २०२३ सालच्या दिवाळीनंतर आली.

आमच्या घरीं धुण्याभांड्यांना एक बाई कित्येक वर्षें येते. तिचा नवरा इमारतींना रंग देण्याचें काम करी. त्या वर्षीं दसऱ्याच्या सुमारास, दोन महिन्यांच्या दुखण्यानंतर, तो वारला. मागें म्हातारी सासू, दोन शाळकरी मुलें आणि दवाखान्याचें देणें एवढा संसार उरला. दिवसकार्य आटोपून बाई कामावर आली, तेव्हां मीं तिच्या हातावर दोन हजार रुपये ठेवले आणि 'लागलं तर सांगा, बाई,' असें म्हणालों. हें वाक्य आपण पांढरपेशीं माणसें किती सहज उच्चारतों! 'सांगितलें नाहींत तर बरें' हा त्याचा खरा अर्थ ऐकणाराला बिनचूक कळतो, आणि म्हणूनच बहुधा तो पुन्हां येत नाहीं.

ही बाई मात्र आली. पंधरा दिवसांनीं, पदराला हात पुसत, ती दाराशीं उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, पैसे नकोत. पैसे संपत्यात. तुमी माझ्यासंगं कचेरीत चला. तिथं मला कुणी धड बोलू देत नाही."

मला तत्क्षणीं माझ्या आजोबांची आठवण झाली. ते वार लावून शिकले. आठवड्याचे सात दिवस, सात घरें. ज्या दिवशीं ज्याचें घर, त्या दिवशीं तेथें जेवायचें. मंगळवारच्या घरीं वाढतांना पळीचा आवाज जरा जास्तच होई, असें ते हंसून सांगत. पण त्या घरानेंहि त्यांच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता. मुलाची खपाटीला गेलेली पोटाडी हाच दाखला होता. मात्र ते वार मुलाची जात पाहून मिळत, हें विसरून चालणार नाहीं. या बाईच्या मुलांना त्या सात दारांपैकीं एकहि दार उघडलें नसतें. मदतीचा भार घराघरांवरून सरकारवर गेला हें योग्यच झालें. पण सरकारला खपाटीला गेलेलें पोट दिसत नाहीं. त्याला कागद दाखवावा लागतो.

तो कागद जमवण्यासाठीं आम्ही निघालों. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर एक नांव आणि आधार कार्डावर दुसरें. शिधापत्रिका अजून मूळ गांवची, तींत धाकट्या मुलीचें नांवच नाहीं. राहत्या खोलीचें वीजबिल मालकाच्या नांवावर. प्रत्येक दुरुस्तीला एक खेप, आणि प्रत्येक खेपेला तिच्या दोन घरांचें काम बुडे. मला निवृत्तिवेतन असल्यामुळें रांगेंत उभें राहण्याचें माझें कांहींच बुडत नव्हतें. मी शेजारीं उभा असलों, कीं खिडकीमागचा माणूस तिला 'तुम्ही' म्हणे, एवढें माझ्या ध्यानांत आलें. माझ्या सोबतीचा उपयोग काय तो एवढाच.

राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतून अशा विधवेला दरमहा १,५०० रुपये मिळण्यासारखे होते. त्याला अट अशी होती, कीं कुटुंबाचें नांव दारिद्र्यरेषेखालील यादींत तरी असावें, किंवा वर्षाचें उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत तरी असावें. यादींत नांव नव्हतें. म्हणून उत्पन्नाचा दाखला काढायचा ठरला. कचेरीबाहेर अर्ज भरून देणारा एक तरुण बसला होता. सगळे रकाने भरून तो उत्पन्नाच्या रकान्याशीं आला.

बाई बोटांवर मोजूं लागली. "एका घरचं बाराशे. दुसऱ्या घरचं अकराशे. बंगलीवाल्यांचं हजार..." येथें ती थांबली, तिनें माझ्याकडे पाहिलें आणि खालीं पाहून म्हणाली, "आणि मास्तरांकडलं नऊशे."

महिन्याचे ४,२००, वर्षाचे ५०,४००. तरुणानें लेखणी खालीं ठेवली. "मावशी, वीस हजार लिहितो. सगळे तेच लिहितात. नाहीतर अर्ज बसायचा नाही."

मीं मनांत हिशेब केला. चार माणसांच्या घरांत वर्षाला २१,००० म्हणजे माणशीं दिवसाला साडेचौदा रुपयेहि पुरते होत नाहींत. जी बाई चार घरचीं भांडीं घासून त्याहून अधिक मिळवते, ती कागदावर निराधार ठरत नाहीं. स्वस्थ बसून राहिली असती, तर ठरली असती!

"तुमी काय म्हणता, मास्तर?" तिनें विचारलें.

खोटें लिहूं नये, हें मीं वर्गांत पोरांना जन्मभर सांगत आलों. पण त्या वेळीं माझें तोंड उघडेना. खोटें लिहा म्हणावें, तर खालची सही तिची आणि उद्यां चौकशी झाली तर जबाबदारीहि तिचीच. खरें लिहा म्हणावें, तर माझ्या सत्यनिष्ठेपायीं तिच्या मुलांच्या तोंडचे दीड हजार जायचे. मी गप्पच राहिलों. शेवटीं तीच म्हणाली, "खरंच लिव्हा. खोटं मला सांभाळता यायचं नाही."

तो अर्ज अर्थातच पुढें सरकला नाहीं. परंतु परततांना रिक्षांत मला बोचत होता तो सरकारचा आंकडा नव्हे, माझा होता. नऊशे! चार घरांत सर्वांत कमी घर माझें. चार वर्षांत त्यांत एका रुपयाची भर पडली नव्हती. तिनें मागितली नाहीं आणि आम्हांला सुचली नाहीं. याच चार वर्षांत जानेवारी आणि जुलै महिन्यांतला महागाई भत्ता किती टक्क्यांनीं वाढणार, हें मी वर्तमानपत्रांत किती आस्थेनें वाचीत होतों! महागाई जणूं माझ्याच घरीं येत होती. तिच्या खोलीचा पत्ता तिला ठाऊक नव्हता.

घरीं येऊन मीं पत्नीला सारें सांगितलें. ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं, मग म्हणाली, "काखेंत कळसा आणि गांवाला वळसा!" त्याच महिन्यापासून आम्ही दीड हजार देऊं लागलों. मीं उरलेल्या तीन घरींहि जाऊन बोललों. दोघांनीं थोडे वाढवले. बंगलीवाल्यांनीं मात्र 'विचार करतों' म्हटलें, आणि पुढच्या महिन्यांत दुसरी बाई ठेवली. माझ्या उत्साहाची ही किंमत तिला भरावी लागली. त्याबद्दल ती मला एका शब्दानें बोलली नाहीं. नवें घर मिळेपर्यंत तिचे दोन महिने ओढाताणींत गेले.

त्या खऱ्या दाखल्याचा एक उपयोग पुढें झालाच. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालीं धान्य मिळण्यासाठीं आपल्या राज्यांत शहरी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपयांची. तींत ५०,४०० बसले. माणशीं पांच किलो, म्हणजे चौघांना वीस किलो धान्य. आणि जानेवारी २०२३ पासून तें मोफत झालेलें. त्या कायद्याप्रमाणें घरांतील वडील स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख. त्यामुळें नवें कार्ड सासूच्या नांवानें आलें. म्हातारीला वाचतां येत नाहीं. तिनें नातवाकडून आपल्या नांवावर बोट ठेववून घेतलें आणि बराच वेळ तेथून बोट हलवलें नाहीं, असें बाई सांगत होती.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपयेहि तिला मिळूं लागले; तेथें मर्यादा अडीच लाखांची होती. एका वहींत ती गरीब नव्हती, दुसरींत होती, आणि तिसरींत तर तिच्या जवळजवळ पांचपट मिळवणाराहि तिच्या पंक्तीला होता. बाई मात्र तिन्ही ठिकाणीं तीच, आणि तिचें उत्पन्नहि तेंच.

दवाखान्याचें देणें अजून पुरतें फिटलेलें नाहीं. मुलगा यंदां दहावीला आहे. संध्याकाळीं गणितासाठीं माझ्याकडे येतो. आमच्या स्वयंपाकघरांतल्या कॅलेंडरावर जानेवारी आणि जुलैच्या पानांवर पत्नीनें पेन्सिलीनें 'बाईंचा पगार' अशी टीप करून ठेवली आहे. भत्त्याची बातमी मी अजूनहि वाचतों. पण वाचून झाल्यावर आतां उठून तें पान पाहून येतों.