नेसून नेसून मऊ झालेलं

घरात कुणाला दिवस गेले की आमच्याकडे कापडाच्या दुकानात कुणी धावत नसे. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येई. आजीची लुगडी, आजोबांची धोतरं, काकूची विटलेली इरकल, सगळं काढायचं आणि एकेक गालाला लावून बघायचं. टोचलं तर गोधडीला, नाही टोचलं तर बाळाला. तान्ह्याला आधी नवं घालायचं नाही, असा रिवाज होता. कोऱ्या कापडात खळ असते, ते ताठ असतं. मऊपणा दुकानात मिळत नव्हता. तो घरानंच नेसून, धुऊन, उन्हात वाळवून, पुन्हा नेसून कमवायचा असे.

नऊ वारी लुगडं म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. ते एकदम म्हातारं होत नसे. बसायच्या जागी आधी विरे. मग तेवढं कापून काढायचं, धड टोकं एकमेकांना जोडून दंड घालायचा, की पुन्हा नेसायला तयार. दंड घातलेलं लुगडं नेसून बायका हळदीकुंकवालाही जात. तेही फाटलं की थोरलीला परकर. परकराचं धाकट्याला झबलं. उरलेल्याचे लंगोट, दुपटी. मग गोधडी, आणि अगदी शेवटी चुलीजवळचं पोतेरं. काठ तेवढा आधीच उसवून ठेवलेला असे. तो कुंचीला लागे.

झबल्याला बटण नसायचं, बंद असायचे. शिवण बाहेरच्या अंगाला, आत बाळाच्या पाठीला काही रुतायला नको. माप टेपनं कुणी घेत नसे; वीतभर आणि चार बोटं, झालं. टोपडं धोतराचं, कारण इतकं तलम दुसरं काही घरात नव्हतं. कुंची मात्र खणाची, जरीकाठ लावलेली. आणि लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आई जी काळी चंद्रकळा नेसली, तिच्याच पदराचं झबलं घालून लेकराचं पहिलं बोरन्हाण व्हायचं. हलव्याचे दागिने त्या काळ्यावर काय उठून दिसत!

गोधडी उन्हाळ्यात, पापड-कुरडयांतून हात मोकळे झाले की. ओसरीवर खाली दणकट लुगडं अंथरायचं, मध्ये विरलेले तुकडे, वर जरा बरं दिसेल ते. कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, जे जड असेल ते. चारी बाजूंनी चौघी बसत आणि काठापासून धावदोरा घालत घालत मध्याकडे सरकत. दोऱ्यापेक्षा बोलणंच जास्त लांब. आमचं पोरांचं काम सुया ओवून देण्याचं. आजीला नाकं दिसत नसत, म्हणून डझनभर सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. उठताना सुया मोजायच्या. एक कमी भरली तर जेवणं थांबत, गोधडीवरून तळवा फिरवून फिरवून ती सापडेपर्यंत.

मग घटस्थापनेआधी त्या सगळ्या गोधड्या नदीवर. भिजलेली गोधडी एकट्यानं पिळली जात नाही. दोघांनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ द्यायचा. रात्री उन्हाचा वास घेत झोपायचं आणि बोट ठेवून ओळखायचं : ही आत्याच्या लग्नातली, हा बाबांचा शाळेतला सदरा, हे आजोबांचं धोतर. आजोबांना आमच्यातल्या काहींनी पाहिलेलंही नव्हतं. त्यांच्या धोतराखाली मात्र आम्ही सगळे झोपलो.

पुढे नायलॉन, टेरिलीन आलं. नऊ वारीची पाच वारी झाली. नवी साडी विरेचना, घाम शोषेना, घडीवरून सुईसकट निसटे. ती बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेणं सोपं होतं. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्याही एकेक करून थंडावल्या, आणि गिरणीतला मामा आणायचा ते मांजरपाट घरात यायचं थांबलं. गोधडी गेली ती माणसं आळशी झाली म्हणून नव्हे. तिला लागणारं म्हातारं सुती कापडच घरात उरलं नाही.

पण पुरतं संपलेलं नाही. तुमच्याही कपाटात आईची एखादी सुती साडी असेल, धुऊन धुऊन रंग उतरलेली. घरात बाळ येणार असेल तर ती बोहारणीला देऊ नका. कढत पाण्यात घालून, कडक उन्हात वाळवून घ्या. काठ उसवून बाजूला ठेवा. शिवण बाहेरून घाला, आणि बंद जरा लांब ठेवा; बाळ भराभर वाढतं.